राज्य गेल्यानंतरचे तंजावूर

महाराष्ट्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, भोसले घराण्याच्या एका शाखेने १६७५-७६ पासून १८५५ पर्यंत तंजावूरची गादी सांभाळली. आज जगात तंजावूरचे नाव निघते ते तिथल्या नृत्यासाठी, सोन्याच्या वर्खाच्या चित्रांसाठी, संगीतासाठी आणि सरस्वती महाल ग्रंथालयासाठी. चोळांनी हजार वर्षांपूर्वी बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर या यादीत अर्थातच पहिले. १९८७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. मात्र नृत्य, चित्र, ग्रंथ आणि कीर्तन यांतले जे जे तंजावूरहून जगभर पोचले, त्याला आज दिसणारे रूप बहुतांशी मराठी अमदानीत आले. त्यातही विशेष हे की यातले सर्वांत मोठे काम १७९९ नंतर झाले. त्या वर्षी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि राजाकडे किल्ला, राजवाडा आणि तनखा एवढेच उरले.

हा राजवाडा शहराच्या जुन्या कोटाच्या आत, पूर्व मुख्य रस्त्याला लागून आहे. त्याचा मूळ भाग सोळाव्या-सतराव्या शतकांत नायक राजांनी बांधला आणि मराठ्यांनी त्यात भर घातली. एकच एक भव्य इमारत अशी त्याची रचना नाही. चौकामागून चौक, मधे दरबाराचे दालन, एका बाजूला शिखरासारखा निमुळता होत गेलेला शस्त्रागाराचा उंच मनोरा, दुसरीकडे अनेक मजल्यांची माडी, सर्जा माडी, संगीत महाल आणि आतल्या अंगाला सरस्वती महाल. मराठा दरबाराच्या कमानींवर आणि खांबांवर चुन्यातले रंगीत नक्षीकाम आहे, छताखाली देवदेवतांच्या आकृती आहेत. नायकांच्या दालनात आता कलासंग्रहालय आहे आणि खेड्यापाड्यांत सापडलेल्या चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती तिथे ठेवल्या आहेत. चोळ, नायक आणि मराठे असे तीन काळ इथे एकाच छपराखाली पाहायला मिळतात.

शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी विजापूरकरांचे सरदार म्हणून दक्षिणेत आले. तंजावूरच्या नायक घराण्यात वारसाचा तंटा पेटला होता. तो मिटवण्याच्या निमित्ताने आलेल्या एकोजींनी राज्यच ताब्यात घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला वाटा हा वादाचा विषय होता. भेट बिनसली आणि एकोजी रात्रीतून नदी ओलांडून तंजावूरला परतले. पुढे लढाई झाली, मग समेटही झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांनी या धाकट्या भावाला उदासपणा सोडून कर्तृत्व दाखवण्याविषयी लिहिलेले पत्र मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या आठवणीत तंजावूर बहुधा इथेच थांबते. तंजावूरची खरी कहाणी मात्र इथून पुढे सुरू होते.

एकोजींचे पुत्र शहाजी (१६८४–१७१२) यांनी राज्याची सांस्कृतिक दिशा ठरवली. राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, नायकांच्या काळापासून दरबारी काव्याची भाषा तेलुगू आणि शास्त्रांची संस्कृत. अशा वेळी जेत्याने आपली भाषा सर्वांवर लादणे किंवा आपणच स्थानिक भाषेत विरून जाणे, असे दोन सोपे मार्ग असतात. शहाजींनी दोन्ही टाळले. त्यांनी तेलुगूत यक्षगाने रचली, तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींवर पदे केली आणि मराठीत नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांच्या नावावरचे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत रंगले ते १८४३ मध्ये. म्हणजे मराठी नाट्यलेखनाची सुरुवात शोधताना महाराष्ट्राबाहेर, कावेरीकाठी जावे लागते. शहाजींचे ‘पंचभाषाविलास’ हे त्यांच्या धोरणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. चार देशांच्या राजकन्या कृष्णाला वरण्यासाठी येतात. तमिळ देशाची राजकन्या तमिळमध्ये बोलते, आंध्रातली तेलुगूत, महाराष्ट्रातली मराठीत, उत्तरेकडची हिंदीत, आणि पाचवी भाषा संस्कृत. एकाच रंगमंचावर पाच भाषा शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि कोणालाही दुभाष्या लागत नाही, कारण तंजावूरच्या प्रेक्षकाला या सगळ्यांची सवय होती. १६९३ मध्ये शहाजींनी तिरुविशैनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. ते शहाजीराजपुरम या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे शहाजींचे धाकटे भाऊ तुळजाजी (१७२८–१७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कर्नाटक संगीताच्या अभ्यासात त्याचा आधार आजही घेतला जातो.

अठराव्या शतकाचा उत्तरार्ध राज्याला वाईट गेला. अर्काटचा नवाब, कंपनी, हैदर अली आणि कर्ज यांच्या कचाट्यात तंजावूर सापडले. १७८७ मध्ये दुसरे तुळजाजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातला एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. त्याचे नाव सरफोजी. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादी घेतली आणि मुलाच्या जिवाला धोका असल्याची तक्रार झाली. डेन्मार्कच्या मिशनचा जर्मन पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याने या मुलाचे पालकत्व सांभाळले आणि त्याला शिक्षणासाठी मद्रासला नेले. सरफोजी हिंदू राहिले, शैव राहिले. शिकले मात्र सगळे: मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, फारसी, इंग्रजी आणि युरोपातले नवे विज्ञान. १७९८ मध्ये ते गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळणार होता. सैन्य नाही, महसुलावर ताबा नाही, न्यायाचे अधिकार किल्ल्यापुरते.

या दिवसापासून १८३२ मधल्या मृत्यूपर्यंत सरफोजींनी जे उभारले, त्याला तंजावूरच्या मराठ्यांच्या अभिमानात पहिले स्थान आहे आणि ते योग्यच आहे.

त्यातले सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे सरस्वती महाल. नायकांच्या काळापासून राजवाड्यात पोथ्यांचे भांडार होते. सरफोजींनी त्याला ग्रंथालयाचे रूप दिले. युरोपातून त्यांनी साडेचार हजारांहून अधिक पुस्तके मागवली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतली वैद्यक, वनस्पतिशास्त्र, भूगोल, वास्तुकला, संगीत या विषयांची ती पुस्तके आहेत. कित्येकांवर राजांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केली आहे. ग्रंथालयाला जोडलेल्या छोट्या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची मुद्राभ्यासाची चित्रे लावलेली आहेत. माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्याशी मिळताजुळता प्राण्याचा चेहरा: घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस, सिंहासारखा माणूस. चित्रांतले डोळे, भुवया आणि नाकाची ठेवण बारकाईने टिपलेली आहे. ताडपत्रांच्या आणि मोडी कागदांच्या गाठोड्यांच्या, म्हणजे रुमालांच्या, सहवासात ही चित्रे पाहिली की त्या संग्राहकाच्या कुतूहलाला किती वाटा होत्या ते कळते. १८२० ते १८२२ या काळात सरफोजी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले. यात्रेच्या पुण्याबरोबर त्यांनी काशीहून पोथ्याही आणल्या. आज या ग्रंथालयात एकोणपन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वाधिक, मराठी तीन हजारांच्या घरात, शिवाय तमिळ आणि तेलुगू. दरबारच्या मोडी कागदपत्रांची गाठोडी साडेआठशेच्या आसपास आहेत. ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये छापली आणि युरोपातल्या संस्कृत अभ्यासकांना तंजावूरचा पत्ता मिळाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले.

राजवाड्यात सरफोजींनी देवनागरी छापखानाही चालवला. सखण्णा पंडितांनी इसापच्या गोष्टींचा मराठीत केलेला अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तिथे १८०६ मध्ये छापला गेला. मराठीच्या अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबईत मराठी पुस्तकांची छपाई मार्गी लागण्याच्या कितीतरी आधी तंजावूरची मुले कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टी छापील मराठीत वाचत होती. राजांच्या ‘नवविद्या’ शाळांत नव्या विषयांचे शिक्षण दिले जात होते. भूगोल शिकवण्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती तर कौतुकाची आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार. त्यात कुरत्ती, म्हणजे डोंगरात राहणारी भविष्य सांगणारी बाई, नायिकेचा हात पाहते आणि आपण फिरलेल्या डोंगर-नद्यांची वर्णने गाते. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीत रचली आणि या भटक्या बाईच्या तोंडी सबंध पृथ्वीचा भूगोल घातला. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, त्यांतले देश आणि शहरे सारे गाण्यांत आले. तमिळ लोकप्रकार, मराठी भाषा आणि युरोपचे ज्ञान यांची अशी गाठ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात दुसऱ्या कोणी घातल्याचे उदाहरण सहजी आठवत नाही.

‘धन्वंतरी महाल’ ही त्यांची वैद्यकशाळा. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपी अशा चारही पद्धतींचे वैद्य होते. औषधांचे गुण तपासले जात आणि उपयोगी ठरलेले पाठ नोंदवून ठेवले जात. तेच पुढे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळमध्ये प्रसिद्ध झाले. नेत्रविकारांत राजांना विशेष रस होता. ग्रंथालयातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी हा भारतीय वैद्यकाच्या इतिहासातला दुर्मीळ ऐवज आहे. रुग्णाचे वर्णन, तक्रार, केलेले उपचार आणि गुण आला की नाही, एवढे सारे त्यांत लिहिलेले आहे. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत: बुबुळावर आलेला पडदा, लाली, सूज, जशी दिसली तशी रंगवलेली. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी या नोंदींचा अभ्यास करून त्यावर शोधनिबंध लिहिला. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका संस्थानिकाने रुग्णागणिक अशा नोंदी ठेवाव्यात, याचे अप्रूप आधुनिक नेत्रवैद्यांनाही वाटले.

याच माणसाने छत्रांसाठी केलेली धडपड फारशी सांगितली जात नाही. तंजावूरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची छत्रे, म्हणजे अन्नसत्रे आणि धर्मशाळा, होती. निडामंगलमचे यमुनांबा छत्र हे त्यांतले मोठे. कारभार कंपनीकडे जाताना ही छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. जातपात न पाहता येणाऱ्याला अन्न मिळते, आजारी वाटसरूला वैद्य आणि पथ्य मिळते, वाटेत बाळंत होणाऱ्या स्त्रीची देखभाल होते, पोरक्या मुलांना सांभाळून शिकवले जाते, असे त्या पत्रात तपशिलाने मांडलेले आहे. स्वतःचे राज्य मागण्याच्या स्थितीत नसलेल्या राजाने अन्नसत्रे मागून घेतली आणि ती त्याला मिळाली.

कंपनीशी त्यांच्या संबंधाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मल्लिपट्टिनमजवळ समुद्रकाठी त्यांनी १८१४-१५ मध्ये मनोरा बांधला तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा हा स्तंभ. त्यात श्वार्ट्झविषयीची कृतज्ञता, मुत्सद्दीपणा आणि परावलंबन हे सारे मिसळलेले आहे. श्वार्ट्झच्या स्मृतीसाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्पपट करवून घेतला. मरणासन्न पाद्री, त्याचा हात हाती घेतलेला राजा आणि पलंगापाशी उभी मुले असा प्रसंग त्यात कोरला आहे. हा पट शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये आहे. श्वार्ट्झच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळी सरफोजींनी स्वतः रचल्या. एका भारतीयाने इंग्रजीत केलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात पद्यरचनांत त्यांची गणती होते. फ्लॅक्समननेच घडवलेला सरफोजींचा पूर्णाकृती पुतळा राजवाड्यात आहे. पांढरा शुभ्र संगमरवर, डोक्यावर टोकदार टोपीसारखे शिरोभूषण आणि नमस्कारासाठी जोडलेले हात.

बृहदीश्वर मंदिराच्या ओवऱ्यांच्या भिंतीवर, नैर्ऋत्य कोपऱ्यात, सरफोजींनी १८०३ मध्ये ‘भोसलेवंशचरित्र’ कोरवून घेतले. बाबूराव चिटणीसांनी मराठीत लिहिलेला हा देवनागरी लेख जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. घराण्याच्या पुराणकालीन उगमापासून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज आणि तंजावूरच्या राजांच्या क्रमाने तो थेट सरफोजींपर्यंत येतो. व्ही. सांबमूर्तीरावांनी १९०७ मध्ये तो पुस्तकरूपाने छापला. इतिहास म्हणून त्यातले बरेच काही तपासून घ्यावे लागते. घराण्याची थोरवी वाढवणाऱ्या दंतकथा त्यात आहेत. त्याचा काळ मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. कारभार जाऊन चार वर्षे झाली होती. राजाने आपल्या कुळाची हकिकत राजवाड्यात न ठेवता, चोळांच्या मंदिरात, चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवली.

भिंतीवर इतिहास मांडून अभिमान जागवण्याची ही रीत जगात अन्यत्रही सापडते. मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय राजवाड्याच्या जिन्यावर डिएगो रिव्हेराने १९२९ ते १९३५ या काळात त्या देशाचा सबंध इतिहास चितारला. अस्तेक, स्पॅनिश स्वारी, स्वातंत्र्यलढा, क्रांती हे सारे त्या भिंतींवर आहे. मेक्सिकोने आपल्या राष्ट्राभिमानाचा पाया मूळ रहिवासी आणि स्पॅनिश यांच्या मिश्रणावर घातला आणि तीच आपली ओळख म्हणून जगापुढे मांडली. तिथले पारंपरिक खाणे २०१० मध्ये आणि मारियाची संगीत २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले ते याच आत्मविश्वासाने. दोन्ही ठिकाणचा इतिहास वेगळा आहे. मेक्सिकोत जेत्यांनी केलेला विध्वंस प्रचंड होता. तंजावूरचा मराठी समाज तर तमिळ मुलखातला एक लहानसा समूह. परंतु मिश्रणाची लाज न बाळगता त्याचाच अभिमान धरणे, हे दोघांनाही साधले.

तंजावूरची जगाला सर्वांत मोठी देणगी नृत्यातली. सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, म्हणून वाढले. तंजावूर चतुष्टय या नावाने ते ओळखले जातात. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा भरतनाट्यमचा आज जगभर चालणारा क्रम त्यांनी बसवला. वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. पाश्चात्त्य व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे आणि महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. स्वतः सरफोजींच्या नावावर ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हा मराठी नृत्यरचनांचा संग्रह आहे. त्यातल्या प्रत्येक निरूपणात एकच कथा, एकच राग आणि एकच ताल धरून शेर्वा, अलारू, स्वरजती, पदे, तिल्लाना असे एकापाठोपाठ एक भाग गुंफले आहेत. भरतनाट्यमसाठी मराठीत लिहिलेले हे साहित्य महाराष्ट्रातल्या नृत्यशाळांत फारच थोड्यांना माहीत असावे, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

चतुष्टयाच्या वंशातले पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल, मृणालिनी साराभाई, राम गोपाल शिकले. दरबारी गायिका-नर्तिकांच्या घराण्यातल्या बालसरस्वतींनी १९६१ मध्ये टोकियोत आणि १९६३ मध्ये एडिंबरा महोत्सवात नृत्य केले. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यांनी शिकवलेही. त्यांची पूर्वज पापम्माळ तंजावूर दरबारची कलावंत होती. राजाश्रयाचे श्रेय भोसल्यांना द्यावेच. कला मात्र पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली ती नट्टुवनारांनी आणि देवदासी घराण्यांतल्या स्त्रियांनी. पुढे समाजाने त्यांनाच दूर लोटले. तंजावूरचा गौरव सांगताना त्यांचे नाव आधी यायला हवे.

या नृत्याची एक शाखा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गुजरातेत गेली. १८८० मध्ये तंजावूरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी झाला. चिमणाबाई हे त्यांचे सासरचे नाव. त्यांच्यासोबत नर्तिका, नट्टुवनार आणि वादक बडोद्यास गेले आणि गायकवाडांच्या दरबारात तंजावुरी नाच सुरू झाला. एका मराठी राजघराण्याकडून दुसऱ्या मराठी राजघराण्याकडे तमिळ कला गेली.

प्रवास उलट्या दिशेनेही झाला. समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेचे मठ तंजावूर मुलखात आधीपासून होते. १८६० नंतर मोरगावकर रामचंद्रबुवा आणि इतर मराठी कीर्तनकार इथे आले. त्यांची कीर्तने ऐकून आणि अभ्यासून तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेची नवी घडण केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग, कटाव ही मराठी वृत्ते तमिळ आख्यानांत आली. गोपालकृष्ण भारतींचे नंदनार चरित्र, म्हणजे चिदंबरमच्या दर्शनाची आस लागलेल्या दलित भक्ताची कथा, त्यांनी याच पद्धतीने उभी केली आणि गावोगावचे श्रोते तिने हेलावले. पुढे सी. सरस्वतीबाईंनी हरिकथेच्या व्यासपीठावर स्त्री म्हणून पहिले पाऊल टाकले आणि विरोध सोसून ते व्यासपीठ गाजवले. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला आज विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटी अभंग म्हटला जातो. त्यामागे या जवळपास तीनशे वर्षांच्या देवाणघेवाणीचा मोठा वाटा आहे.

कारभारातले यश हा या समाजाच्या अभिमानाचा आणखी एक भाग. कागदपत्र, हिशेब आणि अनेक भाषा यांत मुरलेली तंजावूरची देशस्थ कुटुंबे एकोणिसाव्या शतकात संस्थानांना दिवाण पुरवू लागली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. त्रावणकोरची तिजोरी त्यांनी कर्जमुक्त केली आणि सचिवालयाची इमारत त्यांच्या काळात उभी राहिली. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि तो चौक त्या पुतळ्यावरूनच ओळखला जातो. १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याची घडी बसवताना त्यांनी अल्पवयीन सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. सयाजीरावांच्या पुढच्या थोरवीचा पाया त्यात सापडतो. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांचे नातलग दिवाणबहादूर आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण होते आणि विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्तेही. न्या. रानड्यांबरोबर सामाजिक परिषदेच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. व्ही. पी. माधवराव त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले.

गादीचा शेवट २९ ऑक्टोबर १८५५ रोजी झाला. सरफोजींचे पुत्र शिवाजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणानुसार कंपनीने संस्थान खालसा केले. पुढच्या वर्षी राजवाड्यावर पहारे बसवून खासगी मालमत्ता, दागिने आणि जमिनीही ताब्यात घेतल्या. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब गप्प बसल्या नाहीत. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांनी कंपनीवर दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. मद्रासला निकाल राणीच्या बाजूने लागला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरवला. हे कृत्य सार्वभौम सत्तेने केलेले आहे, ते न्याय्य असो वा अन्याय्य, त्यावर कोर्टाला बोलता येत नाही, असा तो निकाल. राष्ट्रकुलातल्या कायद्याच्या पुस्तकांत तंजावूरच्या या राणीचे नाव आजही येते. राणी हरल्या, पण अन्यायाचा बोभाटा झाला आणि १८६२ मध्ये सरकारने राजवाड्याची खासगी मालमत्ता राजघराण्यातल्या विधवांना परत केली. मोडी रुमाल, पोथ्या आणि चित्रे राजवाड्यातच राहिली, यात या लढ्याचा वाटा कमी नाही.

स्वयंपाकघरातली एक कथा तंजावूरच्या नावाला चिकटली आहे. संभाजी महाराज पाहुणे आले असता शहाजींच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले, अशी ती गोष्ट. तिला समकालीन पुरावा नाही. मेक्सिकोत पुएब्लाच्या मठातल्या जोगिणींनी ऐनवेळी मोले हा मसालेदार रस्सा बनवला, अशीच कथा सांगतात. पदार्थ प्रिय असला की लोक त्याला जन्मकथा देतात. तंजावूरकडे त्याहून भक्कम पुरावा आहे. सरफोजींच्या काळातल्या पाककृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे हस्तलिखित सरस्वती महालाने छापले आहे आणि शाकाहारी-मांसाहारी दोन्ही पदार्थ त्यात आहेत. तंजावुरी मराठी घरांत आजही उडदाच्या पिठाची आणि दह्याची डांगर पचडी होते, पिठले होते. पुरणपोळी तमिळ सणावारांत केव्हाच सामील झाली आहे.

या घरांतली मराठी दक्षिणी मराठी म्हणून ओळखली जाते. जुने प्रत्यय आणि शब्द तिने जपले आहेत. हेल तमिळचा आहे. पुष्कळांना देवनागरी सहज वाचता येत नाही, कारण शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झाले. राव आडनावाची देशस्थ कुटुंबे, मराठा घराणी, शिंपी आणि भावसार यांची वस्ती तंजावूर-कुंभकोणमपासून चेन्नईपर्यंत पसरली आहे आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या परदेशांतही गेल्या आहेत. तंजावूरच्या जुन्या गल्ल्यांना मानोजीअप्पांसारख्या सरदारांची नावे आहेत.

राजघराण्याचे वंशज राजवाड्याच्या एका भागात राहतात आणि राजवाडा देवस्थानाच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद त्यांच्याकडे आहे. सरस्वती महाल ग्रंथालय पोथ्यांच्या सूची आणि संपादित आवृत्त्या छापते. ‘देवेंद्र कुरवंजी’ आणि ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ तिथूनच प्रसिद्ध झाली. तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तीन खंडांत काढले. छत्रांचे खर्च, नर्तिकांचे पगार, औषधांच्या खरेदीच्या याद्या, शाळांचे हिशेब असा दरबारचा रोजचा व्यवहार या मोडी दप्तरात नोंदलेला आहे. तो वाचण्यासाठी मोडी, मराठी आणि तमिळ तिन्ही येणारी माणसे लागतात.